‘विसळणे’ : एका क्रियापदाचे अर्थक्षेत्र

शब्दाचा अर्थ कोशात एका ओळीत दिलेला असला, तरी त्याच्या अर्थाची सीमा शेजारचे शब्द ठरवतात. जर्मन अभ्यासक योस्ट ट्रीअर यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या अर्थक्षेत्राच्या विचाराचे हे सार आहे. तो समजून घेण्यासाठी आपण घरोघरी रोज वापरले जाणारे ‘विसळणे’ हे क्रियापद घेऊ.

१. अर्थघटक

या क्षेत्रातील सर्वांत व्यापक शब्द ‘धुणे’ हा होय. तांदूळ, हात, कपडे, अंगण असे काहीही आपण धुतो. ‘घासणे’ या क्रियेत घर्षण अनिवार्य असते. पाणी असेलच असे नाही. ‘विसळणे’ या क्रियेत नेमके उलट आहे. तेथे पाणी अनिवार्य असते, घर्षण नसते. पाणी फिरवून किंवा वस्तू पाण्यातून काढून, सुटा झालेला मळ वा साबण पाण्याबरोबर जाऊ देणे, एवढाच तिचा आशय. म्हणून भांडे घासल्यावर शेवटी विसळतात, किंवा ते फारसे मळलेले नसेल तर नुसतेच विसळतात. ‘कपबश्या विसळून ठेव’ हे वाक्य सहज वाटते. ‘करपलेली कढई विसळून ठेव’ हे खटकते. दुसऱ्या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. क्रियापदाचा अर्थघटक आणि कर्माची स्थिती यांचा मेळ बसत नाही, एवढेच.

२. शेजारचे शब्द

कपडे आपण ‘खळबळून’ काढतो किंवा ‘दोन पाण्यांतून’ काढतो. ‘पाणी’ हे एरवी न मोजले जाणारे नाम येथे मोजले जाते, कारण येथे ‘एक पाणी’ म्हणजे विसळण्याची एक खेप. तोंडासाठी ‘चूळ भरणे’ हा प्रयोग आहे. ‘चूळ’ हा शब्द संस्कृत ‘चुलुक’ या शब्दापासून आला. पाणी घशापर्यंत खेळवायचे असेल तर त्या ‘गुळण्या’ होतात. घाईघाईने उरकलेल्या आंघोळीला ‘अंग विसळणे’ म्हणतात. पंढरपुरात आषाढी व कार्तिकी यात्रेनंतर विठ्ठलाची ‘प्रक्षाळपूजा’ होते. तेथे ‘विसळणे’ कोणी म्हणणार नाही. ‘प्रक्षालन’ या संस्कृत शब्दापासून जुन्या मराठीत ‘पाखाळणे’ हे क्रियापदही रूढ होते. सर्वत्र साधन पाणीच आहे. शब्द मात्र वस्तू, कृती आणि प्रसंग पाहून बदलतो.

याच क्षेत्रातून लाक्षणिक प्रयोगही निघाले आहेत. बोलायला हवे तेथे मौन पाळणारा माणूस ‘मिठाची गुळणी धरून’ बसतो.

३. अर्थभेदाचे व्यावहारिक महत्त्व

हा भेद केवळ शब्दचर्चेपुरता नाही. द्रवरूप कीटकनाशकाचा रिकामा डबा तीनदा विसळावा, असे शेतकऱ्यांना शिकवले जाते. डबा पूर्ण निथळू द्यायचा, त्यात सुमारे पाव भाग स्वच्छ पाणी घालायचे, झाकण घट्ट लावून तो जोराने हलवायचा आणि ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचे. असे तीन वेळा करून शेवटी डब्याला भोके पाडायची, म्हणजे तो पुन्हा घरात वापरला जात नाही. आता सूचनापत्रकात अनुवादकाने केवळ ‘डबा धुवावा’ असे लिहिले, तर वाचणारा तो विहिरीवर किंवा ओढ्यावर नेऊन धुण्याचा संभव आहे. मग उरलेले विष पिण्याच्या पाण्यात जाईल. ‘आत पाणी घालून विसळावा व ते पाणी पंपात ओतावे’ असे लिहिले, तर कृती आणि तिची जागा दोन्ही स्पष्ट होतात. योग्य क्रियापदाची निवड येथे आरोग्याशी निगडित आहे.

४. समारोप

उत्तरपत्रिकेत अनेक विद्यार्थी घरगुती शब्द टाळून सर्वत्र ‘स्वच्छ करणे’ असे लिहितात. त्यामुळे भाषा प्रौढ होत नाही, मोघम होते. मोरीवर, नदीकाठी, गोठ्यात काम करणाऱ्यांनी हे सूक्ष्म भेद जपले आहेत, आणि ते आपल्यापैकी अनेकांना उपजत वाटावेत इतके परिचित आहेत. अर्थविचाराच्या अभ्यासात तीच आपली पहिली सामग्री होय.

स्वाध्याय : आपल्या बोलीत भांडी, कपडे, धान्य व तोंड यांसाठी पाण्याने करावयाच्या क्रियांचे शब्द नोंदवा. प्रत्येक शब्दासाठी एक सहज वाटणारे आणि एक खटकणारे वाक्य लिहून, खटकण्याचे कारण स्पष्ट करा.