घर कोणाचे, जमीन कोणाची?



कारखान्याच्या दारातली सभा संपली की मागे रेंगाळणारा एखादा तरी कामगार असतोच. बोनसचा प्रश्न त्याला विचारायचा नसतो. इकडेतिकडे पाहून तो हळूच म्हणतो, "भाऊ, पुढच्या महिन्यात रिटायर होतोय. फंडाचे पैसे हातात येतील. एखादा फ्लॅट घेऊन टाकू का? जागेचे भाव काही खाली येत नाहीत म्हणतात." गेली पंचवीस-तीस वर्षे हा प्रश्न आम्ही ऐकत आलो आहोत. आम्ही अर्थशास्त्राचे पदवीधर नव्हे. जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात, कोर्टाच्या पायऱ्यांवर आणि स्वतः खाल्लेल्या ठेचांतून. तेवढ्या शिदोरीवर या प्रश्नाची फोड करून दाखवावी, इतकाच आजचा हेतू आहे.

प्रथम हिशेब मांडू. समजा, फ्लॅटची किंमत ५० लाख रुपये आहे आणि त्याचे भाडे महिना १२,००० रुपये येते. वर्षाचे झाले १,४४,०००. म्हणजे शेकडा २.८८. यातून सोसायटीचा देखभाल खर्च, घरपट्टी, रंगरंगोटी आणि जागा रिकामी राहील ते महिने वजा करावयाचे. आता त्या फ्लॅटसाठी ४० लाखांचे कर्ज शेकडा ९ दराने २० वर्षांच्या मुदतीने काढले, तर हप्ता सुमारे ३६,००० रुपये बसतो. पहिल्या हप्त्यातले ३०,००० रुपये नुसते व्याज! वीस वर्षांत भरणा होतो ८६ लाखांच्या वर. बारा हजार मिळवण्यासाठी छत्तीस हजार भरण्याचा व्यवहार कोपऱ्यावरचा किराणा दुकानदारसुद्धा करणार नाही. मग शहाणीसुरती माणसे तो का करतात? पुढे भाव वाढेल या आशेवर. म्हणजे सगळी भिस्त भाड्यावर नसून भाववाढीवर असते.

येथे एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. भाव वाढतो तो नेमका कशाचा? भिंतींचा खास नव्हे. सिमेंट जुने होते, सळईला गंज चढतो, लिफ्ट कुरकुरू लागते. इमारत दरवर्षी म्हातारी होत जाते. वाढते ती तिच्या खालची जमीन; आणि तीही आपोआप वाढत नाही. जवळ स्टेशन होते, रस्ता रुंद होतो, शाळा निघते, नळाला पाणी येते, माणसे कामधंद्याला येतात. हे सारे सर्वांच्या पैशाने आणि श्रमाने घडते. जमिनीचा मालक घरी झोपून राहिला तरी भाववाढ त्याच्या पदरात पडते. हीच गोष्ट हेन्री जॉर्ज या अमेरिकन विचारवंताने १८७९ साली 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' या ग्रंथात मांडली. कर श्रमावर नको, घर बांधण्यावर नको. जमिनीच्या मोलावर घ्या, असा त्याचा आग्रह होता. त्याच्या विचाराचा प्रसार व्हावा म्हणून एलिझाबेथ मॅगी या बाईंनी एक बैठा खेळ रचला आणि १९०४ साली त्याचे पेटंट मिळवले. त्यातूनच पुढे 'मोनोपॉली' निघाला, आणि आपल्या घरातला 'व्यापार' त्याच घराण्यातला. मक्तेदारीचा धोका दाखवण्यासाठी काढलेला खेळ आज मुले मक्तेदार होण्यासाठी खेळतात!

तर मग, वाढणारी वस्तू जमीन असेल, तर आपण पैसे मोजले तेव्हा ती आपल्याला मिळाली का? आमची स्वतःची फजिती सांगतो. १९९८ साली आम्ही आणि आमच्या तीन सहकाऱ्यांनी शहराबाहेर एकेक गुंठा घेतला. स्टॅम्पपेपरवर करार झाला, नोटरीचा शिक्का बसला, पेढेही वाटले. सातबाऱ्यावर मात्र नाव काही चढेना. तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालचा. तो आम्ही उघडूनही पाहिला नव्हता. इतरांना करारातले कलम न् कलम वाचून दाखवणारे आम्ही, स्वतःचा कागद तेवढा वाचायचा विसरलो. आमच्यापैकी एकाने मुलीच्या लग्नाची ठेव मोडून त्यात घातली होती. आम्हीच त्याला चल म्हटले होते. ते ओझे अजून उतरलेले नाही.

फ्लॅटवाले म्हणतील, आमचा करार रजिस्टर आहे, आम्हाला काय भीती? भीती नाही, पण काम अर्धे राहिलेले असू शकते. तो करार फ्लॅटचा. खालची जमीन सोसायटीच्या नावे होण्यासाठी अभिहस्तांतरण, म्हणजे आपण ज्याला कन्व्हेयन्स म्हणतो ते, व्हावे लागते. १९६३ च्या मोफा कायद्याने ते बिल्डरचे कर्तव्य ठरवले. पुष्कळांनी ते टाळले. म्हणून २००८ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि मानीव अभिहस्तांतरणाची सोय आली. बिल्डर सही करत नसेल तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा. इमारत पडायला आली आणि पुनर्विकासाची बोलणी निघाली की ज्याच्या नावे जमीन, त्याच्या शब्दाला वजन, हे ध्यानात येते. पण तेव्हा उशीर झालेला असतो. २०१६ च्या रेरा कायद्याने नव्या खरेदीदाराला बळ दिले आहे. नोंदणीकृत कराराशिवाय दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशातले सत्तर टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. हक्क आहेत, ते मागणारा हवा.

आता जरा चाकोरीबाहेरचा विचार. घर कुटुंबाचे आणि जमीन सर्वांची, अशी वाटणी केली तर? ही कल्पना परकी नाही. कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या, गागोदे गावी जन्मलेल्या विनोबांना १९५१ साली पोचमपल्लीत पहिले भूदान मिळाले. पुढे त्यातून ग्रामदान निघाले. ते उदाहरण डोळ्यांपुढे ठेवून अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात नागरी हक्कांच्या चळवळीतल्या काळ्या कार्यकर्त्यांनी १९६९ साली 'न्यू कम्युनिटीज' ही संस्था काढली आणि सुमारे ५,७०० एकर जमीन सामाईक मालकीची केली. दुष्काळ आणि कर्ज यांत १९८५ साली ती जमीन गेली. कल्पना मात्र टिकली. व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन शहरी १९८४ पासून अशी न्यासाची घरे आहेत. कुटुंब घर विकत घेते, जमीन न्यासाकडेच राहते. घर विकताना कुटुंबाला वाढीचा ठरलेला हिस्सा मिळतो. उरलेली वाढ घरातच राहते आणि पुढच्या कुटुंबाला ते परवडते. आपल्या मुंबईतही रावबहादूर तालमकींच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवीला सारस्वतांची सहकारी गृहसंस्था उभी राहिली. तिचे तत्त्व असे, की मालक संस्था आणि सभासद तिचे भाडेकरू.

कोणी म्हणेल, "भाववाढीचा फायदा सारे जग घेणार आणि त्याग मात्र कामगाराने करावा काय?" आक्षेप रास्त आहे. आम्ही कोणाला त्याग सांगत नाही, हिशेब सांगतो. ज्या भाववाढीने बाप खूश होतो, तीच भाववाढ त्याच्या मुलाला पहिले घर घेताना भरावी लागते. एका खिशात आलेले दुसऱ्या खिशातून जाते, आणि मध्ये व्याज मात्र तिसराच नेतो.

म्हणून दारात थांबलेल्या त्या कामगाराला आम्ही सांगतो, राहायला घर नसेल तर जरूर घे. पण जमीन कोणाच्या नावे आहे ते आधी पाहा, आणि सोसायटीचे अभिहस्तांतरण झाले का ते विचार. राहायला घर असेल, तर सगळा फंड दुसऱ्या फ्लॅटमध्ये पुरू नकोस. म्हातारपणी पैशाला हवा तेव्हा हात लावता आला पाहिजे. मध्यरात्री दुखणे आले तर फ्लॅटची एक खोली विकून औषध आणता येत नाही.