सांडपाण्यातील लाल अळी

भिलाईचा पोलाद कारखाना मागे पडला की भाताची खाचरे आणि गावोगावचे तलाव सुरू होतात. याच दुर्ग जिल्ह्यात, पाटण विकासखंडातील पतोरा गावी, मैलागाळ प्रक्रिया केंद्र उभे आहे. अशा केंद्रात सेप्टिक टाक्यांतून उपसलेल्या मैल्याचा घन भाग वाळवतात व द्रव भाग गाळण थरांतून सोडतात.

अखेरच्या कुंडाच्या तळाशी पुष्कळदा लाल अळ्या आढळतात. त्या डासांच्या समजून कीटकनाशक फवारण्याचा आग्रह होतो. तो अनाठायी आहे. त्या कायरोनोमस या न चावणाऱ्या कीटकाच्या अळ्या होत. हिमोग्लोबिनमुळे त्या अल्प ऑक्सिजनातही तगतात आणि तळाचा सेंद्रिय गाळ खातात. फवारणीने त्या नष्ट होतात. शिवाय ते पाणी तलावात उतरल्यास मासळीलाही अपाय संभवतो.

खरी चिंता हत्तीरोग पसरविणाऱ्या क्यूलेक्स क्विन्क्विफॅसिएटस डासाची. त्याची मळकट अळी तळाशी न राहता श्वसननलिका पृष्ठभागाला टेकवून, डोके खाली करून तिरकी लोंबते. उष्ण हवामानात अंड्यापासून डास होण्यास सुमारे ८ ते १० दिवस लागतात. म्हणून कुंडाच्या काठचे गवत व तरंगता पाला दर आठवड्यास काढावा. घरच्या सेप्टिक टाकीच्या हवानळीसही बारीक जाळी बांधावी. डास तेथूनही बाहेर पडतात.