भातखाचरातील धावरा कोळी : पारडोसा प्रजातीची ओळख

भाताचा चूड हाताने बाजूस सारला असता बुंध्याशी दोन प्रकारचे जीव हलताना दिसतात. तपकिरी तुडतुडे पलीकडच्या बाजूस सरकतात किंवा उडी घेतात. करडा कोळी मात्र पाण्यावरून सरळ धावत सुटतो. दोहोंची ‘कीड’ म्हणून एकत्र गणना करून फवारणी केल्यास नुकसान शेतकऱ्याचेच होते. तुडतुड्यांची अंडी पानाच्या आवरणात रोवलेली असल्याने ती बहुधा वाचतात, कोळी मात्र मरतात. मागाहून निघणाऱ्या पिलांना मग शत्रूच उरत नाही.

हा कोळी लायकोसिडी कुलातील होय. या कुलाची खूण डोळ्यांत आहे. पुढे चार बारीक डोळ्यांची ओळ, तिच्यावर दोन मोठे डोळे आणि त्यांच्याही मागे दोन, अशी आठ डोळ्यांची मांडणी साध्या भिंगातून स्पष्ट दिसते. मादी अंड्यांची गोल पिशवी पोटाच्या टोकास चिकटवून हिंडते व पिले निघाल्यावर त्यांना पाठीवर वागविते. भिंग जवळ नसेल तर ही एक खूणही पुरेशी आहे.

बांधावरील गवतात पहाटे दवाने चमकणारे, नरसाळ्यासारखे बीळ असलेले जाळे विणणारा हिप्पासा याच कुलातला. पारडोसा भक्ष्यासाठी जाळे विणीत नाही. त्याचे पाय सडपातळ असून डोक्याच्या बाजू उभ्या उतरत्या असतात. पाठीच्या पुढील भागावर बेचकीसारखा फिका पट्टा दिसल्यास तो बहुधा पारडोसा स्यूडोअ‍ॅन्युलाटा समजावा. 1906 साली जपानातील नमुन्यांवरून या जातीचे वर्णन झाले, तेव्हा ती टॅरेन्टुला प्रजातीत घातली होती. भातावरील जुन्या पुस्तिकांतून तिलाच लायकोसा म्हटले आहे. नावे तीन, कोळी एकच.

जातीचा पक्का निर्णय मात्र रंगावरून करू नये. तो पूर्ण वाढलेल्या नर-मादीची जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होतो. पिलांवरून होत नाही. भारतातील लायकोसिडी कुलाचे वर्णन टिकादर व मल्होत्रा यांच्या 1980 च्या ग्रंथात आहे. तपासणीस पाठवावयाचा नमुना सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा आणि गाव, पीक व तारीख शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आत टाकावी. शाईची अक्षरे विरघळून जातात.