पोरींच्या हातात पक्कड द्या!

‘आई, उद्या प्रोजेक्ट द्यायचाय!’ रात्री ओटा पुसताना हे वाक्य ऐकलं नाही, अशी शाळकरी मुलांची आई शोधून सापडायची नाही. मग काय, एकच धांदल! स्टेशनरीच्या दुकानाचं शटर खाली यायच्या आत बाबा पळतात, आई कात्री आणि फेव्हिकॉल घेऊन बसते. ज्याचा प्रोजेक्ट आहे ते बाळ मात्र दहाच्या ठोक्याला गाढ झोपलेलं असतं! सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ साली राज्यात बंदी आली. त्याच्या जागी पुठ्ठा आणि फोमशीट आली, पण राबणारे हात आईचेच राहिले.

कामाच्या निमित्तानं सातारा-सांगलीकडच्या शाळांमध्ये, बचत गटांच्या बैठकांना माझं जाणं-येणं असतं. विज्ञान प्रदर्शन भरलं की टेबलामागं उभी असलेली मुलं पवनचक्की, ठिबक सिंचन, ज्वालामुखी यांची माहिती घडाघडा म्हणून दाखवतात. पण ‘ही नळी इथंच का लावलीस गं?’ असं विचारलं की मान खाली. कसं सांगणार? नळी तिनं लावलेलीच नसते!

मैत्रिणींनो, हातानं केल्याशिवाय खरं कळत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पुस्तकात वाचून कुणाला पुरणपोळी जमलीय? कणीक किती सैल हवी, हे बोटांनाच कळतं. मग मुलांच्या शिक्षणात आपण हे कसं काय विसरतो?

आणि आपल्या भागानं तर हे विसरायलाच नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले इथं रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. सगळ्या जातिधर्मांची मुलं तिथं एकत्र राहायची, मिळून स्वयंपाक करायची, शेतात राबायची आणि शिकायची. या पोरांच्या पोटात घास जावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही गोष्ट साताऱ्यात घरोघर सांगितली जाते. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे रयतचं बोधवाक्य आपण कितीतरी शाळांच्या भिंतींवर वाचतो. ते भिंतीवरून मुलांच्या हातात कधी उतरणार, एवढाच प्रश्न आहे.

याच कर्मवीरांनी उमेदीच्या काळात किर्लोस्करांचे नांगर विकण्याचं काम केलं होतं. त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्टही अशीच. चित्रकलेचं शिक्षण चालू असताना रंगांधळेपणामुळं त्यांना ती वाट सोडावी लागली. पुढं बेळगावला त्यांनी सायकलींचं दुकान काढलं आणि खटपट करत करत लोखंडी नांगर बनवला. लोखंडानं जमिनीला विष चढेल, असं शेतकऱ्यांना वाटायचं. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली म्हणतात. १९१० मध्ये औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्या आजी-आयांनी वाचलेलं ‘स्त्री’ मासिकही १९३० मध्ये याच किर्लोस्करवाडीतून निघालं. म्हणजे खटपट करून शिकायचं बाळकडू या मातीतलंच!

गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत हस्तव्यवसायातून शिक्षणाचा, म्हणजे ‘नई तालीम’चा विचार मांडला. स्वातंत्र्यानंतर शाळेत ‘कार्यानुभव’ हा विषयही आला. पण त्याचं काय झालं, ते आपण आपल्याच शाळेत पाहिलंय. मुलींनी रुमालावर टाके घालायचे, कागदाची फुलं करायची. आणि परीक्षा जवळ आली की तो तास गणिताच्या सरांना द्यायचा.

हे वेगळ्या तऱ्हेनं कसं करता येतं, ते पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमानं दाखवून दिलं. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत पीएच. डी. केलेले शास्त्रज्ञ. मुंबईतली हिंदुस्थान लिव्हरमधली मोठी नोकरी सोडून १९८३ मध्ये ते पाबळसारख्या दुष्काळी गावात येऊन राहिले. शाळेतल्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हातानं काम करत शिकायचं, अशी त्यांची योजना. कामाचे चार भाग : लोखंड-लाकूड आणि बांधकाम, वीज आणि ऊर्जा, शेती आणि जनावरं, घर आणि आरोग्य. मुलांनी गावाला लागणारी खरी वस्तू करायची, तिचा हिशेब मांडायचा, आणि करता करता त्यामागचं गणित-विज्ञान शिकायचं. राज्याच्या शिक्षण मंडळानंही या विषयाला मान्यता दिली आणि तो पाबळबाहेरच्या शाळांत पोचला. डॉ. कलबाग २००३ मध्ये गेले, पण आश्रमाचं काम चालू राहिलं.

मला त्यातली सगळ्यात भावलेली गोष्ट सांगू? तिथं मुलांचं काम वेगळं आणि मुलींचं वेगळं, अशी वाटणी नाही. वेल्डिंग मुलींनीही करायचं आणि स्वयंपाकघरातलं काम मुलांनीही.

आपल्याकडं नेमकं इथंच घोडं अडतं. तासगावकडच्या एका शाळेत आम्ही सातवीच्या मुलांबरोबर अर्धा दिवस छोटी मोटार करायला बसलो होतो. साहित्य मांडायचा अवकाश, मुलांनी पकडी उचलल्या आणि मुलींनी वह्या उघडल्या! ‘आम्ही लिहून घेतो ना बाई,’ म्हणाल्या. शेवटी मुलींचे गट वेगळे केले, तेव्हा कुठं पक्कड त्यांच्या हातात आली.

या मोटारीला लागतं तरी काय? एक सेल, एक चुंबक, दोन सेफ्टी पिना आणि वाइंडिंगच्या दुकानात मिळणारी तांब्याची बारीक तार. तारेचं वेटोळं करायचं, त्याची दोन टोकं पिनांच्या नेढ्यात अडकवायची, पिना सेलच्या दोन बाजूंना जोडायच्या आणि वेटोळ्याखाली चुंबक ठेवायचं. एका मुलीचं वेटोळं काही केल्या फिरेना. तिनं सेल बदलला, चुंबक बदललं. शेजारच्या गटाचं भिरभिर फिरत होतं, तिच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी. मग तिनं दोन्ही तारा शेजारी शेजारी धरून पाहिल्या आणि एकदम म्हणाली, ‘त्यांच्या तारेची टोकं चकाकतायत, माझी नाहीत!’ तिला सापडलं होतं. तारेवर वार्निशसारखा पातळ थर असतो, तो खरवडल्याशिवाय वेटोळ्यात वीज शिरत नाही. गंमत म्हणजे एका टोकाचा थर सगळा खरवडायचा, पण दुसऱ्या टोकाचा एकाच बाजूनं. सगळाच काढला तर वेटोळं डुगडुगून थांबतं. एकाच बाजूनं काढला की अर्ध्या फेऱ्यात वीज तुटते, मिळालेल्या वेगावर वेटोळं पुढं जातं आणि पुन्हा वीज मिळते. हे मी फळ्यावर दहा वेळा सांगितलं असतं तरी तिच्या लक्षात राहिलं नसतं. आता ती जन्मभर विसरायची नाही.

तिची आई खिडकीतून बघत होती. द्राक्षाच्या बागेत मजुरीला जाणारी बाई. म्हणाली, ‘ताई, मालकाची मोटार जळली की वाइंडिंगला नेत्यात. आत काय असतंय ते आज बघितलं बघा.’ आणि मग हळूच, ‘दहावीनंतर हिला आयटीआयला घालता येतंय का हो? पोरीला घेत्यात का?’

घेतात ना! इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर, कुठल्याही ट्रेडला मुली जाऊ शकतात. पण पंधरा वर्षांत जिच्या हातात कधी पाना आला नाही, तिला ती वाट आपली वाटणार कशी? विचार करा, दहा वर्षांच्या पोरीला आपण विळीवर भाजी चिरायला बसवतो. बाराव्या वर्षी ती कढईतल्या तेलात पुऱ्या सोडते. तेव्हा आपल्याला भीती वाटत नाही! स्क्रू ड्रायव्हर घेतला की मात्र ‘ठेव गं, लागेल,’ म्हणतो. हा प्रश्न लागण्याचा नाही, सवयीचा आहे.

सरकारी पातळीवरही काही घडतंय. २०१६ पासून ‘अटल टिंकरिंग लॅब’ योजनेत सहावी ते बारावीच्या मुलांसाठी निवडक शाळांना वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागलं. टिंकरिंग म्हणजे काय, तर आपल्या भाषेत खुडबुड! २०२० च्या शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस बिनदप्तराचे, कारागिरांकडं शिकायचे, असं म्हटलंय. आपल्या गावच्या शाळेत यातलं काय आहे, ते जरूर विचारा. प्रयोगशाळा असेल तर तिला कुलूप किती दिवस असतं, तेही विचारा.

आणि नसेल तर अडून बसू नका. अरविंद गुप्ता हे आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. कचऱ्यातून खेळणी करायला मुलांना शिकवत त्यांनी हयात घालवली, पुण्याच्या ‘आयुका’तल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अकरा वर्षं काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा एक साधा प्रयोग घरी करून बघा. गूल काढलेल्या काड्या घ्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी कापून त्या एकमेकींना जोडा. चार काड्यांचा चौकोन बोटानं ढकलला की कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही. मग मुलीला अंगणात नेऊन विचारा, पत्र्याच्या शेडच्या कैचीत त्रिकोण का असतात?

घरात एक जुना डबा करा. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, तार, सेल, बंद पडलेलं घड्याळ, जुना टॉर्च त्यात टाका. नियम दोनच : भिंतीतल्या विजेला हात लावायचा नाही, आणि खोलायच्या आधी मोठ्यांना सांगायचं. बिघडलेला मिक्सर दुरुस्त करून आणायला जाल तेव्हा पोरीला बरोबर न्या, तो उघडताना तिला बघू द्या.

पुढच्या पालकसभेला आपण चौघीजणी मिळून एवढंच मागू या, की प्रोजेक्ट शाळेतच, शाळेच्या वेळात करून घ्या. वाकडातिकडा झाला तरी चालेल. मार्क देताना तो किती सुबक आहे ते बघू नका. काय बिघडलं आणि ते तू कसं दुरुस्त केलंस, एवढं विचारा. आणि घरी मुलगा-मुलगी दोघं असतील, तर तो डबा आधी कुणापुढं सरकवता, तेवढं आपलं आपण बघू या.