पटवून द्यायचं कसं?

मुलांनो, 'माझ्या मते' असं लिहून दोन पानं भरली की वैचारिक निबंध झाला, असं नाही बरं का! समोरच्याला पटायला हवं.

१८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग नेमला. महात्मा जोतीराव फुल्यांनी त्याच्यापुढे लेखी निवेदन ठेवलं. त्यात आधी स्वतःचा अनुभव सांगितला. पुण्यात मुलींची शाळा काढणारा माणूस बोलतोय म्हटल्यावर कोण ऐकणार नाही? मग कारण दिलं : सरकारी तिजोरी भरते शेतकऱ्याच्या घामाने आणि शिक्षणावरचा पैसा मात्र जातो वरच्या वर्गांवर. मागणीही मोघम नाही. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, शिक्षकाला महिना १२ रुपयांपेक्षा कमी पगार नको!

मला सर्वांत आवडतो तो पुढचा भाग. 'आधी वरच्यांना शिकवू, मग ते इतरांना शिकवतील,' असं सरकारचं म्हणणं होतं. फुल्यांनी ते टाळलं नाही. उलट विचारलं, शिकलेल्यांपैकी कुणी घरी वर्ग भरवून गरीब बांधवांना शिकवलं का? विरोधकाचा मुद्दा आपणच मांडून खोडायचा, हीच तर खरी गंमत!

आमच्या कामठीच्या वर्गात सध्या विषय दिलाय, 'शाळेत रोज वाचनाचा तास हवा.' 'मग गणित कधी शिकवायचं?' असं कुणीतरी विचारणारच. तुम्ही काय उत्तर द्याल? आई-बाबांना विरोधक करा आणि लिहायला बसा.