गाणं दारातच अडतं

छोट्या हॅचबॅकच्या पुढच्या दाराचं आतलं पॅड उघडलं की बहुतेक गाड्यांत सारखंच दृश्य दिसतं. पातळ पत्रा, त्यात सहज हात जाईल एवढी दोन-तीन भगदाडं, त्यांच्यावर डकवलेला प्लास्टिकचा कागद, काच वर-खाली करणारी यंत्रणा आणि खालच्या कोपऱ्यात तीन-चार स्क्रूंवर बसवलेला स्पीकर. तो काढून हातात घेतला तर वजन जाणवतच नाही. कागदी कोन, प्लास्टिकची चौकट आणि मागे लहानसं चुंबक, एवढाच त्याचा संसार. आठ-दहा लाखांच्या गाडीतलं सगळं संगीत या वस्तूतून बाहेर पडत असतं.

यात कुणी फसवलेलं नसतं. गाडी घेताना लोक मायलेज विचारतात, एअरबॅग किती ते विचारतात, स्क्रीन केवढा आहे तेही पाहतात. स्पीकरचं चुंबक केवढं आहे हे शोरूममध्ये कुणी विचारत नाही. एकच मॉडेल लाखोंच्या संख्येनं बनवणाऱ्या कंपनीला एका स्पीकरमागे वाचलेले थोडे रुपये आणि थोडे ग्रॅमसुद्धा मोठे असतात. चांगला आवाज देणं कंपन्यांना जमत नाही असंही नाही. महिंद्राच्या २०२१मध्ये आलेल्या एक्सयूव्ही७००च्या वरच्या श्रेणीत सोनीची बारा स्पीकरांची यंत्रणा होती. ह्युंदाई क्रेटाच्या वरच्या मॉडेलांत बोसचे आठ स्पीकर मिळतात. गाड्यांच्या ध्वनियंत्रणा बनवणाऱ्या हरमनचा तर पुण्याजवळ चाकणला कारखानाच आहे. पण हा आवाज वरच्या मॉडेलची किंमत मोजणाऱ्यांसाठी. खालच्या मॉडेलांत दोन-चार साधे स्पीकर मिळतात, काही गाड्यांत तर एकही नाही. म्हणून नवी गाडी घेतल्यावर महिन्याभरात माणूस ॲक्सेसरीजच्या दुकानात पोचतो आणि तिथे चुकीच्या गोष्टीवर पैसे घालवून येतो.

गाडीत गाणं ऐकण्याची हौस जुनी आहे. अमेरिकेत पॉल गॅल्व्हिन यांच्या कंपनीनं १९३० साली मोटारीत बसणारा रेडिओ बाजारात आणला आणि त्याचं नाव ठेवलं मोटोरोला. पुढे कंपनीनंच ते नाव घेतलं. त्याआधी पाच वर्षं, १९२५मध्ये, जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी ज्या रचनेचा स्पीकर मांडला, तीच रचना आजही प्रत्येक दारात आहे. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, वेटोळ्याला जोडलेला कोन. विजेचा प्रवाह बदलला की वेटोळं पुढे-मागे होतं, कोन हवा ढकलतो आणि आवाज होतो. मात्र खास एका गाडीच्या अंतर्भागासाठी ध्वनियंत्रणा आखावी, ही कल्पना बरीच उशिरा आली. बोसनं जनरल मोटर्ससाठी ती १९८३च्या मॉडेलांत प्रत्यक्षात आणली. कंपनीचे संस्थापक अमर बोस हे एमआयटीत प्राध्यापक होते आणि त्यांचे वडील ननी गोपाळ बोस बंगालमधून अमेरिकेत गेलेले स्वातंत्र्यसैनिक. बोस यांच्या कामामागचा विचार साधा होता. काचा, सीटा, छत, दारं हे सगळं आवाजावर परिणाम करतं, तेव्हा स्पीकर त्या सगळ्यासकट आखायला हवा.

दुकानाच्या काउंटरवर हा विचार क्वचितच भेटतो. तिथे भेटतात वॅट. खोक्यावर ठळक अक्षरांत ३०० वॅट, ४०० वॅट लिहिलेलं असतं. नव्वदच्या दशकात पीएमपीओच्या नावाखाली हजारांचे आकडे छापले जायचे, त्याचीच ही धाकटी भावंडं. हा कमाल आकडा म्हणजे स्पीकर क्षणभर किती सोसेल याचा कंपनीनं केलेला दावा. खरा उपयोगी आकडा आरएमएसचा, म्हणजे सलग किती वीज झेपेल याचा. तोही स्पीकर किती खणखणीत वाजेल ते सांगत नाही, फक्त जळणार कधी ते सांगतो.

डॅशबोर्डवरच्या स्टिरिओच्या खोक्यावरही ‘५० वॅट गुणिले ४’ असं लिहिलेलं असतं. इथे थोडं गणित करून पाहण्यासारखं आहे. इंजिन चालू असताना गाडीची वीज साधारण १४.४ व्होल्टची असते. स्टिरिओतली चिप ती स्पीकरच्या दोन्ही टोकांकडून आलटून-पालटून वापरते, तरी लहरीचा माथा १४.४ व्होल्टच्या वर जात नाही. याचा आरएमएस होतो सुमारे १०.२ व्होल्ट. त्याचा वर्ग करून स्पीकरच्या ४ ओहमनं भागलं, की उत्तर येतं २६ वॅट. हे झालं कागदावर. चिपमधली गळती धरली तर आवाज न फाटता हाती पडतात १५ ते २० वॅट. वेगळा ॲम्प्लिफायर लावत नाही तोवर कुठलाही साधा स्टिरिओ याच्या फार पुढे जाऊ शकत नाही.

म्हणून स्टिरिओ कंपनीचाच ठेवून फक्त स्पीकर बदलणाऱ्यानं खोक्यावर दुसरा एक बारीक आकडा शोधावा: सेन्सिटिव्हिटी. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, ते हा आकडा सांगतो. ८८ आणि ९१ हे आकडे जवळजवळ वाटतात; पण तीन डेसिबल म्हणजे दुप्पट वीज. ८८चा स्पीकर ३० वॅट खाऊन जेवढा वाजेल, तेवढा ९१चा १५ वॅटमध्ये वाजतो. भारी चुंबकाचा, जाड कोनाचा महागडा स्पीकर साध्या स्टिरिओवर मरगळलेला वाटतो तो याचमुळे. त्याची भूक मोठी असते आणि ताटात पडतं थोडं.

आता मूळ मुद्दा. घरातल्या स्पीकरला लाकडी पेटी असते ती शोभेसाठी नव्हे. कोन पुढे सरकतो तेव्हा त्याच्या समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. या दोन लहरी एकमेकींच्या बरोबर उलट असतात. त्या भेटल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. उंच स्वरांची लहर आखूड असल्यानं तिला फारसं काही होत नाही. पण १०० हर्ट्झच्या खर्जाची लहर जवळपास साडेतीन मीटर लांब असते. ती दारातल्या भगदाडांतून, पॅडच्या फटींतून सहज वळसा घालून पुढे येते आणि पुढच्या लहरीला मारते. तबल्याचा बायां, पखवाज, बेस गिटार यांचा भरीवपणा जातो तो इथे. कागदी कोनाच्या नावानं बोटं मोडली जातात. अर्ध्याहून अधिक दोष दाराचा असतो.

गाडीत स्पीकरची पेटी म्हणजे दार. ते पेटीसारखं वागावं म्हणून तीन कामं करावी लागतात. आतल्या पत्र्यातली भगदाडं बंद करायची. बाहेरच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट चिकटवायची, म्हणजे पत्रा स्वतः थरथरून सूर लावत नाही. आणि स्पीकर घट्ट रिंगवर बसवून त्याच्या कडेला फोमची पट्टी लावायची, म्हणजे आवाज जाळीतून बाहेर येतो, पॅडच्या मागे भरकटत नाही. जाणकार फिटर याला निम्मं काम मानतात आणि ते बरोबरच आहे. साधा स्पीकर आणि नीट बंद केलेलं दार ही जोडी महागडा स्पीकर आणि उघडं दार या जोडीला सहज मागे टाकते.

शीट घेताना नाकानं तपासावी. डांबराचा वास येत असेल तर ती नको. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५च्या वर जातो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हात लावू देत नाही. डांबराची शीट अशा वेळी मऊ पडते, ओघळते, गाडीभर वास सोडते. ब्यूटिल रबराची, वर ॲल्युमिनियमचा थर असलेली शीट थोडी महाग पडते, पण टिकते. सगळा पत्रा मढवायचीही गरज नाही. मधला मोठा, सपाट भाग झाकला तरी पत्र्याची थरथर बरीचशी थांबते.

पावसाचं गणित मात्र वेगळं आहे आणि कोकणात, मुंबईत, गोव्यात ते विसरून चालत नाही. दार जलरोधक नसतं. काचेच्या रबरातून पाणी आत उतरतं आणि दाराच्या तळाशी असलेल्या भोकांतून बाहेर पडतं, अशीच त्याची रचना असते. उत्साहात ती भोकं शीटनं बुजली तर पाणी साचून दार आतून गंजतं. आतला प्लास्टिकचा कागद फाडून तसाच सोडला तर पाणी थेट पायाखालच्या कार्पेटवर येतं. रिंग एमडीएफची असेल तर दोन पावसाळ्यांत ती फुगते, प्लास्टिकची घ्यावी. कोनही आपल्या हवेत पॉलिप्रॉपिलिनचा बरा आणि त्याची कड फोमपेक्षा रबराची. कागदाचा सूर गोड असतो हे खरं. पण दमट दारात त्याचं आयुष्य कमी.

स्पीकर कोणते? दोन जाती आहेत. कोॲक्सियल म्हणजे मोठ्या कोनाच्या मधोमध उंच स्वरांसाठीचा छोटा ट्विटर बसवलेला. किंमत कमी, फिटिंग सोपं. कंपोनंट म्हणजे ट्विटर सुटा आणि सोबत क्रॉसओव्हर, जो खर्ज एकीकडे आणि तार स्वर दुसरीकडे पाठवतो. फरक जागेचा आहे. दारातला स्पीकर ऐकणाऱ्याच्या पोटरीकडे तोंड करून असतो आणि उंच स्वर सरळ रेषेत जातात. ‘स’, ‘श’, झांजेची किणकिण हे सगळं पायातच विरतं. सुटा ट्विटर आरशाजवळच्या त्रिकोणात किंवा डॅशबोर्डच्या कोपऱ्यात बसवला की गायक पायाशी न बसता समोर उभा राहतो. ज्या गाडीत ट्विटरसाठी जागा आधीच केलेली असते, तिच्यात कंपोनंटच घ्यावेत.

माप बहुतेक वेळा साडेसहा इंच असतं, पण व्यासापेक्षा खोली जास्त दगा देते. चुंबक फार मागे गेलं तर खाली येणारी काच त्याच्यावर आपटते. फिटिंग झाल्यावर चारही काचा पूर्ण खाली करून पाहणं हे दुकानातच उरकायचं काम आहे.

तारा कापू देऊ नयेत. प्रत्येक गाडीसाठी जुळणारे कपलर मिळतात. ते कंपनीच्या सॉकेटमध्ये बसतात. कापाकापी केली तर वीजयंत्रणेत पुढे काही बिघडल्यावर वॉरंटीचा वाद उभा राहतो. धन-ऋण टोकंही तपासून घ्यावीत. एका स्पीकरची उलटी लागली तर एक कोन पुढे जाताना दुसरा मागे जातो आणि खर्ज गायब होतो. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर लावला, की धनाला धन लागलं असल्यास कोन बाहेर उडी मारतो. दोन मिनिटांची ही परीक्षा बरेच फिटर टाळतात.

बोस, हरमन यांसारखी यंत्रणा कंपनीतूनच आलेली असेल तर हात आवरलेला बरा. तिथले स्पीकर अनेकदा ४ ओहमचे नसतात आणि ॲम्प्लिफायर त्याच स्पीकरांचे दोष भरून काढील असा जुळवलेला असतो. त्यातला एक बदलला की ते जुळवणंच मोडतं.

पैसे मोजकेच असतील तर सगळे पुढच्या दोन दारांवर खर्च करावेत. गाडी चालवणारा पुढेच बसतो आणि संगीताचा मंच त्याच्या समोर हवा. मागच्या दारांत कंपनीचे स्पीकर राहू द्यावेत, आवाज पुढच्यांपेक्षा कमी ठेवून. मागच्या ट्रेला भोकं पाडून सहा बाय नऊचे मोठे ओव्हल बसवण्याची जुनी हौस आता सोडलेली बरी. हॅचबॅकचा तो ट्रे नुसता टेकवलेला असतो. जोराच्या धडकेत दोन जड स्पीकर मागच्या प्रवाशांच्या डोक्याच्या दिशेनं येतात.

आणखी खर्ज हवा असेल तर पुढची पायरी सीटखालचा छोटा सबवूफर. ८० हर्ट्झच्या खालचं काम त्याच्याकडे दिलं की दारातले स्पीकर मोकळे होतात आणि गळाही स्वच्छ येतो. स्टिरिओमध्ये टाइम अलाइनमेंटची सोय असेल तर तीही वापरावी. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवा स्पीकर डाव्यापेक्षा जवळ असतो. एक मीटरचा फरक म्हणजे सुमारे तीन मिलिसेकंद. उजव्याला तेवढा उशीर लावला की उजव्या दारात अडकलेला गायक डॅशबोर्डच्या मध्यावर येतो. ही सुधारणा ऐकून माणसं चमकतात आणि तिला पैसे लागत नाहीत.

आवाज किती ठेवायचा याचाही हिशेब आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आठवड्याला ४० तास ऐकता येतात. ९० डेसिबल मात्र केवळ ४ तास. द्रुतगती मार्गावर टायरचा आणि वाऱ्याचा आवाजच ६५-७० डेसिबलच्या घरात असतो, म्हणून तिथे हात सारखा व्हॉल्यूमकडे जातो. दाराला लावलेली शीट इथेही उपयोगी पडते: बाहेरचा आवाज थोडा कमी आत येतो आणि गाणं कमी व्हॉल्यूमवर पुरतं.

काम झालं का ते ठरवायला आपली ओळखीचीच गाणी घ्यावीत आणि ती मोबाइलच्या स्पीकरवर नव्हे, चांगल्या हेडफोनवर आधी ऐकलेली असावीत. अजय-अतुल यांचं ‘सैराट’चं संगीत यासाठी उत्तम. त्यातला सिम्फनी ऑर्केस्ट्रा लॉस एंजेलिसमध्ये मुद्रित झाला आहे. व्हायोलिनांचा ताफा एक गठ्ठा वाटतो की वेगवेगळी वाद्यं कळतात, हे लगेच समजतं. भीमसेन जोशींचा एखादा अभंग लावून टाळ टोचतात का आणि पखवाज घुमतो की नुसता गुरगुरतो, ते ऐकावं. शेवटी बातम्या लावाव्यात. निवेदकाचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटला तर पॅडच्या मागे कुठेतरी फट राहिलेली आहे आणि दुकानातून निघण्याआधीच दार पुन्हा उघडायला सांगावं.

कंपनीचे जुने स्पीकर दुकानदाराला देऊन टाकू नयेत. तारा न कापता कपलरवर काम झालं असेल, तर गाडी विकताना ते अर्ध्या तासात परत बसतात आणि नवे पुढच्या गाडीत जातात.