पोलिसांचा ताण आणि ड्युटीचा तक्ता

7 जून 2021 रोजी दुपारी मुळशी तालुक्यातील उरवडे गावच्या हद्दीत एका रसायन कंपनीला आग लागली. 17 कामगार गेले. त्यांत 15 महिला होत्या. मृतदेह ओळखण्यापलीकडे जळाले होते, त्यामुळे ससून रुग्णालयात डीएनए तपासणी करावी लागली. पोलिसांच्या ताणाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर असाच एखादा दिवस येतो, आणि ते साहजिकच आहे. आग विझल्यावर आत जाणे, एकेका मृतदेहाचा पंचनामा करणे, बाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांना उत्तरे देणे ही कामे गणवेशातल्याच कुणालातरी करावी लागतात. मात्र या विषयावरचे संशोधन वाचत गेलो तसे माझे लक्ष अशा दिवसांवरून हटून मधल्या दिवसांकडे गेले.

कॅनडातील मॅक्रीरी आणि थॉम्पसन या संशोधकांनी 2006 मध्ये पोलिसांचा ताण मोजणाऱ्या दोन प्रश्नावल्या प्रसिद्ध केल्या, प्रत्येकी 20 मुद्द्यांच्या. पहिली प्रत्यक्ष कामाची: रात्रपाळी, जखमी होण्याची भीती, भीषण घटना. दुसरी खात्याची: अपुरे मनुष्यबळ, प्रशासकीय कामांचा बोजा, वरिष्ठांकडून होणारा दुजाभाव. हा भेद पकडून पुढे जे अभ्यास झाले त्यांत खात्याचा ताण घटनांच्या ताणाइतकाच, आणि बऱ्याचदा त्याहून जाचक निघाला. प्रसंगाला तोंड देणे आपले कामच आहे, हे पोलीस मनाशी धरूनच भरती झालेला असतो. रद्द झालेली रजा मात्र त्याने गृहीत धरलेली नसते.

यामागे शरीराचा हिशेब आहे. संकटात अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतात, नाडी जलद होते, भूक-झोप मागे पडते. संकट सरले की सारे पूर्वपदावर यायला हवे. मेंदूवैज्ञानिक ब्रूस मॅक्एवन यांनी 1990च्या दशकात दाखवून दिले की, हे खाली येणे वारंवार अडले तर शरीराची झीज साचत जाते. रक्तदाब, साखर, हृदय, स्मरणशक्ती यांवर ती वसूल होते. इंग्रजीतल्या ‘रेझिलियन्स’ला आपण सहसा चिवटपणा म्हणतो. मला ‘उभारी’ हा शब्द अधिक नेमका वाटतो. चिवट माणूस वाकत नाही. उभारी धरणारा वाकतो आणि सवड मिळाली की पुन्हा उभा राहतो. सगळी मेख त्या सवडीत आहे.

आता मुळशीकडे पाहू. तालुक्याचे ठाणे पौडला. एका अंगाला पिरंगुटचे कारखाने, दुसरीकडे धरण आणि थेट ताम्हिणी घाटापर्यंत पसरलेले डोंगर. हिंजवडीचा भाग 2018 मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात गेला. डोंगरपट्टा पुणे ग्रामीणकडे राहिला. जमिनींना सोन्याचा भाव आल्यापासून वाटण्या, बांध आणि कब्ज्याच्या तक्रारी वाढल्या. पावसाळ्यात शनिवार-रविवारी शहर घाटात उतरते, म्हणजे नेमके आठवड्याच्या सुटीच्या दिवशी पोलीस रस्त्यावर. कुणी पाण्यात बुडाले तर शोध, अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, शवविच्छेदनासाठी पाठवणी, जबाब अशी साखळी सुरू होते. शहरात ज्याला तास लागतो त्याला इथे घाटरस्त्याने अर्धा दिवस जातो. शिवाय आषाढी वारी, गणेशोत्सव, निवडणुका. बंदोबस्त लागला की जिल्हाभरातून माणसे मागवली जातात. गावाकडच्या ठाण्याचे काम मात्र तेवढ्यापुरते कमी होत नाही, उरलेल्यांत वाटले जाते.

हे एकट्या मुळशीचे दुखणे नव्हे. ‘कॉमन कॉज’ आणि ‘लोकनीती’ यांच्या 2019च्या देशव्यापी अहवालानुसार पोलीस दिवसाला सरासरी 14 तास काम करतात आणि निम्म्यांना साप्ताहिक सुटी मिळत नाही.

यावर खात्यांचा आवडता उपाय म्हणजे शिबिर. योग, ध्यान, व्याख्यान, चहा-बिस्किटे. योगाला माझा विरोध नाही, नियमित केला तर उपयोग होतोच. पण भीषण घटनेनंतर माणसाला एकदाच बसवून बोलते करण्याच्या पद्धतीचा धांडोळा घेतला गेला, तेव्हा तिने नंतरचा मानसिक आजार टळतो असे दिसले नाही. काही अभ्यासांत तर त्रास वाढलेला आढळला. पाठीशी उभे राहणारे सहकारी आणि वरिष्ठ, पुरेशी झोप, आणि गरज पडल्यास तज्ज्ञाकडे नोकरीला धक्का न लागता जाता येणे, यांचे पारडे जड आहे. त्यातली झोप तरी तक्त्यावर ठरते.

तक्त्याचे गणित सोपे आहे. एका जागेवर चोवीस तास माणूस हवा आणि पाळी बारा तासांची, सुटी नाही, तर दोघांत भागते. पाळी आठ तासांची करून आठवड्याला एक सुटी दिली की आठवड्याचे 168 तास भागिले 48, म्हणजे साडेतीन माणसे लागतात. रजा, प्रशिक्षण, कोर्टाच्या तारखा धरल्या तर चार. म्हणून आठ तासांची मागणी निघाली की मनुष्यबळ नसल्याचे उत्तर येते, आणि ते खोटे नसते.

तरीही वाट निघाली आहे. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यातील शिपाई रवींद्र पाटील यांनी आठ तासांचे वेळापत्रक बसवून दाखवले, आणि आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी मे 2016 मध्ये ते तिथेच प्रयोगादाखल सुरू केले. तक्ता साहेबांच्या दालनात न होता ज्याला तो पाळायचा त्याच्या हातून झाला, हे मला फार मोलाचे वाटते. पुढे सप्टेंबर 2021 मध्ये पोलीस महासंचालकांनी महिला पोलिसांसाठी आठ तासांच्या ड्युटीचा आदेश काढला. त्याआधी हा प्रयोग नागपूर आणि अमरावती शहरांबरोबर पुणे ग्रामीणमध्ये, म्हणजे मुळशी ज्याखाली येते त्याच दलात झाला होता. आदेशात एक अपवाद होता: आणीबाणीच्या वेळी किंवा सणासुदीला वरिष्ठांच्या परवानगीने तास वाढवता येतील. दिवाळी या अपवादात बसते.